शाळेचा ड्रेसकोड: नियम कपड्यांसाठी की मुलांच्या अंगासाठी?

निळी_शाई (धागाकर्ती)

गेल्या सोमवारची गोष्ट. मुलगी आठवीत आहे. परिपाठ संपून सगळे वर्गाकडे निघाले, तेव्हा रांगेतून तिला आणि आणखी चार मुलींना बाजूला काढलं. एका बाईंच्या हातात ३० सेंटिमीटरची पट्टी होती. त्यांनी एकेकीला ताठ उभं केलं, पट्टी गुडघ्याला लावली आणि स्कर्ट किती वर आहे तो आकडा वहीत लिहून घेतला. बाकीच्या रांगा शेजारूनच जात होत्या. माझ्या मुलीचा आकडा ४ आला. पहिले दोन तास पाचही जणी वर्गाबाहेर. त्यातला एक गणिताचा, आणि त्याच तासाला नवीन प्रकरण सुरू झालं.

घरी आल्यावर तिने विचारलं, "आई, माझे पाय फार लांब आहेत का?"

स्कर्ट सत्र सुरू होतानाच नवा घेतला होता. पोरगी सहा महिन्यांत भराभर वाढली, एवढंच झालं. रात्री बसून मी दुमड उसवली. आत जेमतेम दोन बोटं कापड निघालं, तेवढं सोडलं. जुन्या दुमडीची पांढुरकी रेघ कितीही इस्त्री केली तरी जात नाही. आता त्या रेघेवरून कुणी तिला बोलू नये म्हणजे झालं.

धाकटा मुलगा त्याच शाळेत सहावीला आहे. त्याचीही पँट आखूड झालीय, घोट्याच्या वर चांगले मोजे दिसतात. त्याला आजवर कुणी हटकलेलं नाही. वर्गशिक्षिकांना फोन केला तर त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "मोठ्या वर्गातल्या मुलांचं लक्ष जातं हो, समजून घ्या."

मला गणवेश नको असं अजिबात नाही. पण एकाच शाळेत, एकाच घरातल्या दोन मुलांचे कपडे आखूड झाले, आणि शिक्षा एकीलाच का? इथे शिक्षक आहेत, पालक आहेत, कायद्याचे जाणकार आहेत. तुम्हाला काय वाटतं ते मनापासून सांगा. शाळेला पत्र लिहायचं आहे आणि ते नीट लिहायचं आहे.

खडू_फळा

ताई, मी २२ वर्षं शिकवतोय. तुमच्या लेकीसोबत झालं ते चुकीचंच झालं, हे आधी सांगतो. आता शाळेच्या बाजूनेही थोडं ऐका.

गणवेश नसलेल्या शाळेतही मी चार वर्षं काढली आहेत. तिथे कुणाचे बूट कुठले, कुणाचं जॅकेट नवं, कोण तोच शर्ट आठवड्यात तिसऱ्यांदा घालून आलंय, हे सगळं मुलं बरोबर टिपतात. एक मुलगा आठवडेच्या आठवडे स्वेटर काढायचा नाही, अगदी उकाड्यातही, कारण आत एकच शर्ट होता. गणवेशाच्या शाळेत त्या मुलाला ही लपवाछपवी करावी लागली नसती. त्यामुळे गणवेश मोडीत काढा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण तपासणी कशी चालते तेही सांगतो. वरून निरोप येतो की या महिन्यात शिस्त दिसली पाहिजे. दारात उभं राहायची पाळी लागते. तीनशे मुलं दहा मिनिटांत आत जातात. या गर्दीत डोळ्याला पटकन काय दिसतं? स्कर्टची लांबी, केस, नखं, रिबिनीचा रंग. यातलं बरंचसं मुलींचंच. मुलाची आखूड पँट दिसत नाही असं नाही, पण ती बघायची असं आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही. मीही ती पट्टी हातात घेतलेली आहे. एका मुलीचे डोळे भरून आले तेव्हा मी वही मिटली आणि त्यानंतर ते काम पुन्हा अंगावर घेतलं नाही. त्या मुलीची माफी मागायला हवी होती, ती मागितली नाही. ते आजही सलतं.

रानवाट

खडू_फळा सर, तुम्ही म्हणताय ते आकड्यांतही दिसतं. अमेरिकेत संसदेसाठी सरकारी कारभाराची तपासणी करणारं एक कार्यालय आहे, गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस. त्यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्या सार्वजनिक शाळांच्या ड्रेसकोडवर अहवाल दिला. सुमारे ९३ टक्के शालेय जिल्ह्यांत कुठला ना कुठला ड्रेसकोड आहे. या नियमावल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक ठिकाणी मुली सहसा घालतात अशा कपड्यांवर बंदी आहे, तर मुलं सहसा घालतात अशा कपड्यांवर बंदी असलेल्या ६९ टक्के. साधारण ६० टक्के नियमांत कपडा किंवा अंग मोजायला लागतं, म्हणजे मोठ्या माणसाने मुलाच्या जवळ जाऊन पट्टी, बोट किंवा हात लावायचा.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे शेवटचं. आपण मुलांना एकीकडे शिकवतो की कुणी नको तसा हात लावला तर ओरडा, घरी सांगा. आणि दुसरीकडे शाळेच्याच आवारात, सगळ्यांसमोर, गुडघ्याला पट्टी लावून घ्यायची आणि गप्प उभं राहायचं. मुलीने यातून नेमकं काय शिकावं?

वाटसरू७

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

नियम सगळ्यांना आधीच माहीत असतो. प्रवेश घेताना आपणच सही केलेली असते. उद्या प्रत्येक घर म्हणेल आमच्या मुलाला एवढी सूट द्या, मग शाळा चालवायची कशी? मुलं शाळेतच शिकतात की चारचौघांत राहायचं तर काही गोष्टी मनाविरुद्धही पाळाव्या लागतात. आम्हाला नखं वाढली म्हणून पट्टी बसायची. आवडायचं नाही, पण टापटिपीची सवय लागली ती त्यातूनच.

आणि गणवेशाची मूळ कल्पनाच समतेची आहे. गरीब-श्रीमंत एका रांगेत.

निळी_शाई

वाटसरू७, राग नाही. सही मीही केली आहे. पण सही केली तेव्हा कागदावर लिहिलं होतं, "स्कर्ट गुडघ्यापर्यंत." वाढत्या मुलीचा स्कर्ट वर सरकला तर तिला रांगेतून काढून मोजतील आणि तास बुडवतील, हे कुठे लिहिलं होतं? नियम तेवढा वाचायला दिला, शिक्षा मात्र त्या दिवशी कळली.

आणि चारचौघांत राहायला शिकायचं असेल तर माझ्या मुलाने पण शिकायला हवं ना? त्याला काय शिकायला मिळालं? बहिणीचे कपडे हा सगळ्यांच्या बोलण्याचा विषय असतो आणि आपले नसतात, हे. तो त्या रांगेत होता. त्याने पाहिलं सगळं.

जुनं_पान

वाटसरू७ यांच्या "मूळ कल्पना समतेची" यावर एक इतिहासाची गोष्ट. शाळेच्या गणवेशाचं जे जुनं उदाहरण नेहमी दिलं जातं ते लंडनच्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेचं, स्थापना १५५२. निराधार आणि गरीब मुलांसाठी काढलेली शाळा. मुलांना लांब निळे कोट दिले, म्हणून अशा शाळांना 'ब्लूकोट' नाव पडलं. त्या काळी तो कोट बघितला की कळायचं, हे धर्मादायावर वाढणारं पोर. बड्या घरच्या मुलांच्या शाळांनी गणवेश उचलला तो बराच नंतर, आणि तेव्हा त्याचा अर्थ उलटा झाला: हे आमच्यातले, बाकीचे बाहेरचे.

म्हणजे कपडा एकच असला तरी तो कुणी, कुणावर, कशासाठी चढवला यावर सगळं ठरतं. समता आपोआप येत नाही, ती शाळेला रोज राखावी लागते.

कायद्याचं_कलम

धागा उशिरा वाचला. चार निकाल सांगतो, पत्र लिहायला उपयोगी पडतील. सगळे इथे लागू होतात असं नाही, पण न्यायालयांनी प्रश्न कसा हाताळला ते कळेल.

पहिला सगळ्यांना ठाऊक असतो, टिंकर. डिसेंबर १९६५, अमेरिकेतलं डे मॉइन शहर. १३ वर्षांची मेरी बेथ टिंकर आणि काही मुलं व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळी फीत बांधून शाळेत गेली, शाळेने घरी पाठवलं. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी मुलांच्या बाजूने कौल दिला. पण एक बारकावा लोक विसरतात. त्याच निकालात न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय की हे प्रकरण स्कर्टच्या लांबीचं, कपड्यांच्या प्रकाराचं किंवा केशरचनेचं नाही. म्हणजे मत मांडणारी फीत सुटली, स्कर्ट तिथेच राहिला.

स्कर्टचा प्रश्न थेट दिसतो तो दुसऱ्या निकालात, अमेरिकेतल्याच नॉर्थ कॅरोलायनातल्या चार्टर डे स्कूलच्या खटल्यात. मुलींनी पँट घालायचीच नाही, असा तिथला नियम. शाळेच्या संस्थापकाचं म्हणणं होतं की मुलांनी मुलींशी दाक्षिण्याने वागावं, मुली नाजूक आहेत हे मुलांना समजावं, म्हणून हा नियम. मुलींचं म्हणणं साधं होतं: खेळता येत नाही, जमिनीवर मोकळं बसता येत नाही. २०२२ मध्ये अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने हा नियम समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवला. शाळा वर गेली, पण २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. तुमच्या वर्गशिक्षिकांचं "मुलांचं लक्ष जातं" आणि हे "मुली नाजूक असतात" दोन्ही एकाच माळेचे मणी आहेत. दोन्हीत मुलीच्या कपड्याचं कारण तिच्याबाहेर, दुसऱ्याच कुणात तरी शोधलंय.

तिसरा दक्षिण आफ्रिकेचा, आणि मला सगळ्यात जवळचा. डर्बनमधल्या मुलींच्या एका शाळेत दक्षिण भारतीय तमिळ वंशाची मुलगी सुट्टीत नाक टोचून चमकी घालून आली. शाळा म्हणाली, दागिने चालणार नाहीत. प्रकरण तिथल्या घटना न्यायालयापर्यंत गेलं, २००७ मध्ये निकाल लागला. सरन्यायाधीश पायस लांगा यांनी लिहिलं की चमकी धर्माने सक्तीची आहे की नाही हा मुद्दा नाही. स्वेच्छेने पाळलेली रीतही माणसाच्या ओळखीचा भाग असते. शाळेने अशा सवलतीची सोय आपल्या नियमावलीतच करावी. निकाल आला तोवर ती मुलगी शाळेतून बाहेर पडली होती. मोठ्यांना न्याय करायला तीन वर्षं लागली आणि तेवढ्यात तिची शाळा संपली.

चौथा आपल्याकडचा, कर्नाटकचा, वर्गात हिजाब घालण्यावरून झालेल्या वादाचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठरलेलाच गणवेश घालायचा असा शासन आदेश निघाला, मार्चमध्ये उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, १३ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली आणि योग्य पीठ नेमण्यासाठी प्रकरण सरन्यायाधीशांकडे गेलं. यावर इथे भांडण नको. एकच गोष्ट लक्षात ठेवा: या वादातही ज्या मुली दाराबाहेर राहिल्या त्यांचा अभ्यास त्या दिवसांत थांबला. तो कुठल्याच निकालाने भरून निघत नाही.

आणि पत्रात हे जरूर घाला: शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हीला मनाई आहे. सगळ्यांसमोर मोजून दोन तास वर्गाबाहेर ठेवणं यात बसतं का, हा प्रश्न शाळेलाच विचारा.

पिंपळपान

सगळे मुलींबद्दल लिहितायत ते बरोबरच आहे. मुलग्यांची एक बाजू मांडतो, कारण मी ती सोसली आहे.

नववीत असताना माझे केस कानावर येत होते. एका सरांनी वर्गातच कात्री मागवली आणि समोरचे केस मधूनच कापले. मुद्दाम वेडेवाकडे, म्हणजे मला न्हाव्याकडे जाऊन सगळे काढावेच लागतील. वर्ग हसला. मी पुढचे पंधरा दिवस शाळेच्या वाटेवरून परत फिरायचो आणि घरी सांगायचो की शाळेत जाऊन आलो. चाचणी परीक्षेत दोन विषय गेले. केस पंधरा दिवसांत आले, ते दोन विषय मात्र वर्षभर मागे लागले.

जपानमधली एक केस मध्यंतरी वाचली आणि हे सगळं वर आलं. ओसाकातल्या एका विद्यार्थिनीचे केस मुळातच तपकिरी. शाळा तिला सारखे काळे रंगवायला लावायची. तिने २०१७ मध्ये दावा लावला. २०२१ मध्ये न्यायालयाने केस रंगवण्यावर बंदी घालणारा शाळेचा नियम वैध धरला, पण ती येईनाशी झाल्यावर शाळेने तिचं बाक काढून टाकलं, यादीतून नाव वगळलं, त्याबद्दल तिला ३ लाख ३० हजार येन भरपाई द्यायला लावली. बाक काढलं! मूल आजारी असो, भांडलेलं असो, रुसलेलं असो, त्याचं बाक जागेवर असलं पाहिजे. त्यानंतर २०२२ च्या एप्रिलपासून टोकियोच्या सरकारी उच्च माध्यमिक शाळांनी असे काही नियम काढून टाकले. त्यात अंतर्वस्त्रांचा रंग ठरवणारा नियमही होता. असा नियम मुळात कुणीतरी बसून लिहिला होता, हेच मला झेपत नाही.

रानवाट

पिंपळपान, वाचून गलबललं. लिहिलंत ते बरं केलंत.

मऊ_सूत

आमचा प्रश्न अजून वेगळा आहे. मुलगा स्वमग्न आहे. त्याला मानेला कॉलर टेकलेली सहन होत नाही, मोज्याच्या बोटांकडची शिवण टोचते, पॉलिएस्टरचा शर्ट घामाने अंगाला चिकटला की तो दोन्ही हातांनी ओढत बसतो. इतरांना हे हट्ट वाटतात. त्याच्यासाठी ते अंगात काटा रुतून बसल्यासारखं असतं. टायचा नियम होता तेव्हा तो पहिल्या तासाला काहीच ऐकत नसे, सगळं लक्ष गळ्याशी.

मी त्याच रंगाचा सुती, बिनकॉलरचा शर्ट शिवून दिला. मोजे उलटे घालते, शिवण बाहेर. दारावर रोज अडवायचे. डॉक्टरांचं पत्र नेलं, तर म्हणाले एकाला दिलं की सगळे मागतील. वर्षभर कुणीच मागितलं नाही. मुलांना कळतं हो कुणाला कशाची गरज आहे.

वाटसरू७, तुमची भीती मी समजू शकते, पण सवलत दिली म्हणून शाळा कोसळली असं मी तरी पाहिलं नाही.

वाटसरू७

मऊ_सूत ताई, तुमचं वाचून मी दोनदा थांबलो. पिंपळपान यांचंही. मी "नियम म्हणजे नियम" म्हणत होतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर नखं आणि पॉलिश केलेले बूट होते, हे नव्हतं.

तरी एक विचारतो, वाद घालायला नाही. गणवेशामुळे शिस्त, हजेरी, अभ्यास सुधारतो असं आपण सगळे मानतो. ते तरी खरं आहे ना?

जुनं_पान

वाटतं तितकं नाही. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच शालेय जिल्ह्याने १९९४ मध्ये लहान वर्गांसाठी गणवेश सक्तीचा केला. मग गुन्हे कमी झाले, हजेरी वाढली असं सांगितलं गेलं. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी संसदेपुढच्या भाषणात गणवेशाची भलामण केली आणि देशभर लाट आली. पण लाँग बीचने त्याच सुमाराला इतरही सुधारणा केल्या होत्या, त्यामुळे श्रेय एकट्या गणवेशाला देता येत नाही. १९९८ मध्ये ब्रन्स्मा आणि रॉकमोर या दोन समाजशास्त्रज्ञांनी देशपातळीवरची माहिती तपासली. त्यांना हजेरी, वर्तन, व्यसनं यांवर गणवेशाचा थेट परिणाम सापडला नाही.

म्हणून गणवेश वाईट असं नाही. खडू_फळा सरांच्या त्या स्वेटरवाल्या मुलासाठी तो मला हवाच वाटतो. पण ज्याच्यामुळे अभ्यास सुधारतोय असं दिसत नाही, त्याच्यापायी अभ्यासाचा तास बुडवायचा हे कुठल्या हिशोबात बसतं?

खडू_फळा

जुनं_पान यांचं शेवटचं वाक्य मी आमच्या शिक्षककक्षात वाचून दाखवलं. बराच वेळ चर्चा झाली. दोन बाई रागावल्या, एक म्हणाल्या की आमच्यावर पालकच दबाव आणतात, "तुमच्या शाळेतल्या मुली कशा दिसतात" म्हणून. तेही खोटं नाही. शाळा काही हवेत तरंगत नाही.

माझं मत आता असं झालंय. नियम कपड्याचं नाव घेणारा असावा, अंगाचं नाही. "शाळेने ठरवलेला निळा स्कर्ट किंवा निळी पँट, कुणीही काहीही निवडावं" हे कपड्याबद्दल झालं. "गुडघा दिसता कामा नये" हे अंगाबद्दल झालं, आणि अंग दर महिन्याला वाढतं. केरळात वलयनचिरंगारा गावच्या सरकारी प्राथमिक शाळेने मुलामुलींना सारखीच तीन-चतुर्थांश पँट आणि शर्ट दिला, तेव्हा मुलींना मोकळं खेळता येऊ लागलं. उलट बाजूने पाहिलं तर २०१७ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या एका शाळेत मुलांना हाफपँट घालू देत नव्हते, म्हणून ती मुलं स्कर्ट घालून शाळेत आली आणि शाळेने पुढच्या वर्षीपासून हाफपँट मान्य केली. एकाला चालतं ते दुसऱ्याला का नाही, हे मुलांना आपल्याआधी कळतं.

आणि चूक झालीच तर मुलाला वर्गात बसवायचं, घरी बंद पाकिटात चिठ्ठी द्यायची, आठवड्याची मुदत द्यायची, शाळेत जादा गणवेशांचं एक कपाट ठेवायचं. आमच्याकडे त्या कपाटासाठी मोठ्या वर्गातली मुलं लहान झालेले कपडे धुऊन आणतायत. कालपर्यंत अकरा शर्ट जमले.

निळी_शाई

सगळ्यांचे आभार. पत्र दिलं, चार मुलींच्या पालकांच्या सह्या मिळाल्या, पाचव्या मुलीचे पालक घाबरले, मी आग्रह धरला नाही. गुरुवारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. मुलीलाही सोबत न्यायचं असं मी आधीच कळवलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं कलम १२ पत्रात घातलं होतं, मुलांशी संबंधित गोष्टीत त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं असं सांगणारं.

दीड तास बैठक झाली. पट्टी बंद झाली. तास बुडवायचा नाही हेही त्यांनी लेखी दिलं. पँटचा पर्याय पुढच्या सत्रात "विचारात घेऊ" एवढ्यावरच अडकलाय, तिथे मला अजून भांडावं लागणार आहे. "मुलांचं लक्ष जातं" यावर मी विचारलं, की मग मुलांशी याबद्दल कोण बोलणार आहे? उत्तर आलं नाही. घरी मुलाशी मात्र मी बोलले. तो म्हणाला, "मी त्या दिवशी दुसरीकडे बघत होतो. मला ताईकडे बघवत नव्हतं."

मुलीला त्यांनी विचारलं, तुला काय हवंय? मला वाटलं ती माफी म्हणेल. ती म्हणाली, "गणिताचा तो तास." गणिताच्या सरांनी शुक्रवारी मधल्या सुट्टीत पाचही जणींना बसवून ते प्रकरण पुन्हा घेतलं.

वहीतलं ते पान, ज्यावर नावापुढे आकडे लिहिलेत, ते फाडून आमच्यासमोर नष्ट करावं असं मी पत्रात मागितलं होतं. वही सापडत नाही म्हणाले. सोमवारी पुन्हा जातेय.